सहा कपांतले दोन

आदल्या रात्री घरात गोंधळ झालाय. लग्न पार पडलं म्हणून रेणुकामातेच्या नावानं चौक भरला, संबळ-तुणतुणं पहाटे चारपर्यंत वाजत होतं, मग सगळं घर जिथं जागा मिळेल तिथं आडवं झालं. सातला घरातली १६ वर्षांची मुलगी उठते, आरशापुढं वेणी घालायला बसते आणि हातातली फणी उडून थेट कोपऱ्यात जाते. ती उचलून आणते. पुन्हा तेच. मग चहा येतो. कप ओठांपर्यंत पोचायच्या आत खांद्यातून एक हिसका येतो. चहा अंगावर, कप फरशीवर.

"अगं, लक्ष कुठंय तुझं? वेंधळी ती वेंधळीच!" आई म्हणते. पाहुण्यांसमोर मुलगी हसून वेळ मारून नेते.

चांदवडमधली ही मुलगी मी कल्पनेनं उभी केली आहे. तिची सकाळ मात्र खरी आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत ती १९५७ पासून जवळजवळ अशीच नोंदलेली सापडते. आणि तिचा हात का उडाला हे शोधायला निघालं, की जे दिसतं ते पाहून आपलाच हात तोंडावर जातो.

सुरुवात आपल्यापासूनच करू. डोळा लागता लागता पायरी चुकल्यासारखं होतं आणि सगळं अंग दचकतं, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. उचकी ही या दचकण्याची बहीण. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतो आणि एकेक नाव घेऊन बघतो. ज्या नावाला थांबेल तो माणूस. आत घडतं ते असं: छाती आणि पोट यांच्यामधला पडदा एकाएकी आखडतो, हवा आत ओढली जाते आणि सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या जेमतेम ३५ भागांत घशाचं दार धाडकन मिटतं. आवाज येतो तो त्या दाराचा. आईच्या पोटातलं बाळसुद्धा उचक्या देतं. आणि अमेरिकेतल्या चार्ल्स ऑस्बॉर्न यांना १९२२ मध्ये लागलेली उचकी थांबली ती १९९० मध्ये. ६८ वर्षं कोण एवढी आठवण काढत होतं कोण जाणे!

स्नायूच्या अशा क्षणभराच्या, न विचारता आलेल्या हिसक्याला डॉक्टर 'मायोक्लोनस' म्हणतात. शब्द ग्रीक मुळांचा. मायो म्हणजे स्नायू आणि क्लोनस म्हणजे खळबळ. डोळा लवतो ती गोष्ट मात्र वेगळ्या घरची. तिथं पापणीतले चार तंतू चाळवलेले असतात. मेंदूत काही बिघडलेलं नसतं आणि शुभाशुभाचा तर संबंधच नाही.

उचकी आणि झोपेतलं दचकणं ही झाली निरुपद्रवी भावंडं. मुलीच्या हातातून कप उडवणारा हिसका मेंदूच्या सगळ्यात बाहेरच्या थरातून येतो. तो बहुधा सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी टिकतो. पापणी मिटून उघडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आतच सगळं आटोपलेलं असतं. एवढ्याशा घटनेचा उगम शोधायचा कसा? डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढता येतो, पण मेंदूची अखंड बडबड चालू असते आणि त्यात ही एक बारीकशी लाट बुडून जाते.

१९७५ मध्ये शिबासाकी आणि कुरोइवा या जपानी डॉक्टरांनी त्यावर तोड काढली. समजा, यात्रेच्या गर्दीत एक माणूस घंटा वाजायच्या किंचित आधी दर वेळी एकच शब्द पुटपुटतो. एकदा ऐकून काही कळणार नाही. पण अशा शंभर घंटांआधीचं रेकॉर्डिंग एकावर एक ठेवलं, तर गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतो आणि शब्द उरतो. त्यांनी हिसक्यांच्या आधीचे आलेख असेच एकावर एक ठेवले. हात उडायच्या सुमारे २० सहस्रांश सेकंद आधी मेंदूत एक टोकदार लाट उमटलेली दिसली. मेंदूतून निघालेल्या निरोपाला हाताच्या स्नायूपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो!

पण लाट उठलीच का? चांदवडकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण मुंबई-आग्रा रस्त्यावरचा राहूड घाट त्यांच्या दाराशी आहे. कांद्यानं भरलेला ट्रक घाट उतरतो तेव्हा ड्रायव्हरची सगळी करामत गाडी पळवण्यात नसते, ती आवरण्यात असते. खालचा गिअर, ब्रेकवर पाय, वळणावर पुन्हा आवर. मेंदूचं बरंचसं काम याच जातीचं आहे. आपल्या डोक्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या पाचांतल्या चार मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीवाटीनं बसलेल्या आहेत. त्या लहान मेंदूच्या पृष्ठथराचा सगळा हिशेब शेवटी पर्किंजे नावाच्या पेशींमार्फत बाहेर पडतो. या पेशींना बोलता येतं ते एकच: 'थांब'. कुठं थांब, किती थांब, कधी थांब, एवढ्या भाषेत आपलं चालणं, लिहिणं, भाकरी थापणं साधलेलं असतं. मोठ्या मेंदूच्या थरातही साधारण पाचातली एक पेशी आवरणारी असते. हे 'थांब' मुख्यतः ज्या रसायनातून बोललं जातं त्याचं नाव गाबा. ते मेंदूत असल्याचं १९५० मध्ये कळलं. हा आवर एका क्षणासाठी सैल पडला, की हजारो पेशी एकदम बोलून बसतात आणि कप उडतो.

याची उलटी बाजूही आहे. कधी स्नायू आखडत नाही, तर पळभर त्याचा ताणच सुटतो. हात पुढं करून पंजे उभे धरायला सांगितले की पंजे फडफडतात, पंख हलवल्यासारखे. १९४९ मध्ये ॲडम्स आणि फोली यांनी यकृत निकामी होत आलेल्या रुग्णांत हे टिपलं. म्हणून हिसका हे एका रोगाचं नाव नव्हे. मूत्रपिंड थकलं तरी तो येतो, काही औषधांनीही येतो. गोवर होऊन गेल्यावर पाच-दहा वर्षांनी, तो विषाणू मेंदूत दबा धरून राहिल्यानं, एखाद्या मुलाला ठरावीक अंतरानं हिसके येऊ लागतात. हा आजार भयंकर आहे, आणि ९ व्या आणि १६ ते २४ व्या महिन्यांत मिळणारी गोवराची लस त्याची वाटच बंद करते. श्वास कोंडून मेंदूचा प्राणवायू तुटला आणि माणूस त्यातून वाचला, तर त्यालाही हिसके येऊ शकतात. स्वस्थ बसला की काही नाही, पाण्याच्या पेल्याकडं हात नेला की हात उडतो. लान्स आणि त्याच ॲडम्स यांनी १९६३ मध्ये असे चार रुग्ण वर्णिले.

आपल्या मुलीची गोष्ट यांतली कुठलीच नाही. १८८१ मध्ये जर्मनीत फ्रिडरायश यांनी ५० वर्षांच्या एका माणसाचे हिसके वर्णिले आणि अशा हिसक्यांना पहिल्यांदा नाव मिळालं. १९५७ मध्ये यान्त्स आणि क्रिस्टियान यांनी ४७ रुग्णांवरून दाखवलं, की पौगंडावस्थेत सुरू होणाऱ्या अपस्माराची एक निराळीच जात आहे. बारा ते अठरा वर्षांच्या आसपास सुरुवात, बुद्धी उत्तम, हिसक्यांत शुद्ध हरपत नाही आणि ते येतात झोपेतून उठल्यावर, तासाभरात. अपस्माराच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जण या जातीचे असतात. त्यांचा सगळ्यात मोठा वैरी जागरण. परीक्षेची रात्र, लग्नाची हळद, रात्रभराचा गोंधळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग उडू लागलं की घरातलं कुणीतरी म्हणणारच, काल देवीचं राहिलं असेल काही, वारं लागलं. देवीचं काही राहिलेलं नसतं. मुलीची झोप राहिलेली असते.

अशाच तिसऱ्या-चौथ्या सकाळी हिसक्यांमागून मुलीला मोठी फीट येते. दात घट्ट, डोळे वर, सगळं अंग ताठ. आता घर घाबरतं आणि दवाखाना गाठतं. फीट आली म्हणून फिटची गोळी सुरू होते, आणि कप आणखी फुटू लागतात.

कारण 'फिटची गोळी' अशी एक चीज नाही. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही औषधं मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठणाऱ्या झटक्यांवर नामी आहेत, पण या सकाळच्या हिसक्यांना ती चेतवू शकतात. औषध खोटं नसतं, कुलूप वेगळं असतं.

या कुलपाच्या एका किल्लीची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. काष्ठौषधीच्या दुकानात तगर म्हणून जे मूळ मिळतं, त्याच्याच कुळातल्या युरोपी वनस्पतीत एक आम्ल सापडलं होतं. त्याच्यासारखंच एक संयुग बर्टन नावाच्या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं १८८२ मध्ये तयार केलं, नाव व्हॅल्प्रोइक आम्ल. पुढची ८० वर्षं त्याला रसायनशाळेत नोकरी होती ती इतर पदार्थ विरघळवण्याची. १९६२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं पिएर एमार नव्या औषधांची चाचणी करत होते आणि ती औषधं याच द्रवात विरघळवत होते. गंमत अशी, की झाडून सगळी औषधं प्राण्यांचे झटके थांबवू लागली. एकमेकांशी नातं नसलेलीसुद्धा! शेवटी ध्यानात आलं, गुण औषधांचा नव्हताच, गुण पाण्यासारख्या वापरलेल्या त्या द्रवाचा होता. १९६७ मध्ये व्हॅल्प्रोएट फ्रान्सच्या औषधपेढ्यांत आलं. सकाळच्या हिसक्यांवर ते आजही सगळ्यात जोरकस औषधांत गणलं जातं.

पण आपल्या मुलीला ते देताना डॉक्टरांचा हात थबकतो. गरोदरपणात हे औषध चालू असलं तर दहांतल्या एका बाळाला जन्मजात व्यंग असू शकतं आणि दहांतल्या तीन-चार बाळांची वाढ, बोलणं, शिकणं मागं पडू शकतं. म्हणून मुलींसाठी बऱ्याचदा आधी लेव्हेटिरासेटमचा विचार होतो. त्याचीही तऱ्हा न्यारी. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, लोकांना गुण येऊ लागला, आणि ते मेंदूत नेमकं कुठं जाऊन चिकटतं हे कळलं २००४ मध्ये! चेतापेशीच्या टोकाशी निरोपाच्या रसायनानं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या अंगावरच्या एका प्रथिनाला ते धरतं. काहींना त्यानं फार चिडचिड होते. घरच्यांनी तो स्वभाव समजू नये, डॉक्टरांना सांगावं. तिसरं क्लोनाझेपाम, ते थेट गाबाच्या 'थांब'ला जोर देतं. पण झोप आणतं, तोल ढळवतं आणि काही दिवसांनी अंगवळणी पडून फिकं होतं. कधी एक गोळी पुरते, कधी दोन जोडाव्या लागतात, मात्रा हळूहळू चढवत न्यावी लागते. नेमकं जुळलं की बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात. त्यानंतरचा धोका वेगळाच: बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करणं. ती एकदम सोडली तर झटके दुप्पट जोरानं परततात. इथं औषध वर्षानुवर्षं चालतं, आणि लग्न किंवा मूल ठरवायच्या आधी ते डॉक्टरांशी बोलून बदलता येतं.

लग्नाचा विषय निघाला की घरं गोळी लपवू लागतात. हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी अपस्मार हा लग्नाच्या आड येणारा दोष म्हणून लिहिलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द खोडला. मनांतून खोडायचं काम अजून चालू आहे, आणि लपवलेली गोळी चुकते ती नेमकी लग्नाच्या जागरणात.

उरतो प्रश्न हा, की डॉक्टरांना कळावं कसं? मोठी फीट सगळ्यांना दिसते, सगळे तिचंच सांगतात. हिसक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण घरानं त्याला आधीच वेंधळेपणा असं नाव देऊन टाकलेलं असतं. आज खिशात मोबाईल आहे. सकाळी हात उडताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला तर मोठं काम होतं. मेंदूचा आलेखही रात्री जागवून सकाळी काढला तर जास्त बोलतो. पण या सगळ्याच्या आधी लागतो तो एक साधा प्रश्न, आणि तो विचारणारा कुणीतरी.

आपल्या मुलीला तो शेवटी भेटतो. फिटचं सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि विचारतात, "सकाळी उठल्यावर हिच्या हातातून वस्तू उडतात का हो?"

आई मुलीकडं बघते. मुलगी फरशीकडं.

"सहा कपांचा सेट होता, डॉक्टर," आई हळूच म्हणते. "दोन उरलेत."