इंदूर पद्धतीचे कंपोस्ट : हॉवर्ड आणि वाड यांचे संशोधन

उज्जैन-इंदूर परिसरातील माळव्याची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. मात्र शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असल्याने शेताला खत कमी पडे. या प्रश्नावर इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत (स्थापना १९२४) संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सहायक यशवंत वाड यांनी उपाय शोधला.

पऱ्हाट्या, तण व पालापाचोळा यांत कर्ब भरपूर, पण नत्र अल्प असते. म्हणून ते नुसते लवकर कुजत नाहीत. खड्ड्यात त्यांचे थर रचून थोडे शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख मिसळली जाई. शेण-मूत्रातून नत्र मिळे, राखेने आम्लता कमी होई. पाणी देऊन ढीग तीनदा उलटल्याने सूक्ष्मजीवांना हवा मिळे व सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे या पद्धतीचे मर्म होय.

१९३१ च्या 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या ग्रंथावर दोघांची नावे आहेत; पुढे मात्र हॉवर्ड यांचेच नाव गाजले. अध्यापकांनी हा विषय शिकविताना वाड यांचाही उल्लेख अवश्य करावा.