मूल हवंय म्हणण्याची तीन दशकं

सप्टेंबर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात एचआयव्हीबाधितांचा लग्नाचा हक्क स्थगित मानावा लागेल, असे म्हटले. रुग्णालयाने रिपोर्ट फोडल्यामुळे ठरलेले लग्न मोडलेला एक माणूस दाद मागायला गेला होता. त्याच्या पदरात हे पडले. लग्नाचीच ही गत, तिथे मूल हवे असे म्हणणार तरी कोणाकडे? ती विधाने मागे घ्यायला डिसेंबर २००२ उजाडला.

औषधे मात्र थांबली नव्हती. अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत झिडोवुडिन या औषधामुळे आईकडून बाळाला होणारी लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आल्याचे १९९४ मध्ये दिसले. पुढे युगांडातल्या अभ्यासातून नेव्हिरापिन आले: कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला सिरपचा एक डोस. स्वस्त आणि सोपे. पण बाळ वाचवून आईला तसेच घरी पाठवायचे, हा त्यातला अन्याय बरीच वर्षे कुणाला फारसा टोचला नाही.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू झाली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. होते. रोजच्या गोळ्यांनी माणसे कामावर परतली, संसाराला लागली. मग मुलाची ओढ लागणारच! ती आजाराने कधी मेलीच नव्हती, फक्त बोलली जात नव्हती.

खरी कलाटणी २०११ ची. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात (त्यात पुणे आणि चेन्नईचीही जोडपी होती) लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. २०१६ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने आणखी पुढचे सांगितले: व्हायरल लोड (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दबलेला असताना सुमारे ५८ हजार वेळा निरोधाशिवाय संबंध आले, जोडीदाराकडून लागण एकालाही नाही. वीर्य धुऊन गर्भधारणा करण्याचा मिलानमधला नव्वदच्या दशकातला महागडा मार्ग आता बहुतेकांना लागत नाही.

भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराची एआरटी मिळू लागली. बाळाला काही आठवडे रोज सिरप. सहाव्या आठवड्यात त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतात, ते वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. आईची प्रतिपिंडे बाळात बरेच महिने राहतात, म्हणून शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यानंतरच. तोवरचे दिवस आईबापांना फार जड जातात.

संमतीशिवाय बाधित गरोदर बाईचा गर्भपात वा नसबंदी करता येणार नाही, असे २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा सांगतो. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तरीही ‘आता मूल कशाला?’ असे विचारणारे डॉक्टर आहेत. हा प्रश्न त्यांनी विचारूच नये.

मूल हवे असेल, तर दिवस जाण्याआधीच एआरटी केंद्रात मोकळेपणाने बोला, व्हायरल लोड तपासून घ्या. माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.