सियालदहच्या रुळांशेजारची दुसरी वाहतूक

१८६२ साली सियालदहहून पूर्व बंगालच्या दिशेने गाड्या धावू लागल्या. आज या रुळांच्या कडेने आणखी एक वाहतूक चालते, ती प्रवाशाला दिसत नाही. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेलने देशभर लोहमार्गालगत ऑप्टिकल फायबर टाकली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालेलं स्टेशनवरचं मोफत वाय-फाय त्याच फायबरवर चालतं.

फलाटावरच्या मोबाइलने व्हिडिओ मागवला, की मागणी रेलटेलच्या हद्दीतून दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत जाते. अशा प्रत्येक हद्दीला एएस (ऑटोनॉमस सिस्टिम) क्रमांक असतो; रेलटेलचा २४१८६. कुठला पत्ता कोणाच्या वाटेने गाठायचा, हे या हद्दी एकमेकींना बीजीपी (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) या नियमावलीतून कळवतात. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ साली जेवणाच्या टेबलावर रुमालांवर त्याचा आराखडा काढला. सध्याच्या चौथ्या आवृत्तीचा मसुदा २००६ चा आहे.

पत्त्यांवरून वाट ठरवणाऱ्या लेयर थ्री स्विचवर बीजीपी लावण्याचं काम मोजक्या ओळींत होतं. सिस्को पद्धतीच्या स्विचवर आधी ‘राउटर बीजीपी ६४५१२’, म्हणजे आपला क्रमांक. मग ‘नेबर १९२.०.२.१ रिमोट-एएस ६४५१३’, म्हणजे समोरचा कोण. शेवटी ‘नेटवर्क’ आणि मास्क (गटाचा आकार), म्हणजे आपण जाहीर करायचा पत्त्यांचा गट. हा गट स्विचच्या राउटिंग टेबलात हुबेहूब त्याच मास्कने नसेल, तर जाहीरच होत नाही, आणि एररही येत नाही. नवशिक्यांचे तास इथेच जातात. ‘शो आयपी बीजीपी समरी’ पाहताना शेवटच्या रकान्यात आकडा दिसला, तर नेबर अप. तिथे ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, तर आनंद मानू नये. स्विच अजून १७९ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी जमवण्याच्या खटपटीत आहे.

मला या यंत्रणेत सर्वांत मोलाचा वाटतो तो तिच्यातला भरवसा, आणि धोकाही तिथेच आहे. शेजाऱ्याने ‘हे पत्ते माझ्याकडून जातात’ म्हटलं, की मूळ बीजीपी ते पडताळत नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून इतरांच्या मालकीचे ३० हजारांहून अधिक पत्त्यांचे गट चुकून जाहीर झाले आणि जगभरातली वाहतूक भलतीकडे वळू लागली. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला घेतलं, आणि ते सुमारे दोन तास जगभर कोलमडलं. यूट्यूबच्या मोठ्या गटातला लहान तुकडा त्यांनी जाहीर केला होता, आणि राउटर नेहमी लहान, नेमका गट निवडतात.

पत्त्याचा खरा मालक तपासणारी आरपीकेआय ही सोय आता आहे. ती वापरा, आणि ‘नेबर’ची ओळ टाकण्याआधी प्रीफिक्स-लिस्ट, म्हणजे पत्त्यांच्या गटांची यादी, लिहा: काय घ्यायचं, काय सोडायचं, दोन्ही बाजूंनी. आणि कमाल प्रीफिक्सची मर्यादा पहिल्याच दिवशी लावा.