‘बरोबर’ एक की दोन? संगणकाच्या भाषेतील क्रियाचिन्हे

अधिक, उणे, गुणिले, भागिले ही चिन्हे पहिली-दुसरीतल्या मुलांनाही ओळखीची असतात. संगणकाच्या भाषेत त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात. आपण त्यांना क्रियाचिन्हे म्हणू. ओळखीची असल्यामुळे ती शिकवताना आपण भरभर पुढे जातो, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. वहीतले चिन्ह वाचताना माणूस संदर्भ पाहून अर्थ लावतो. संगणक तसे करत नाही. त्या भाषेने चिन्हाला जो अर्थ दिला असेल तोच तो पाळतो.

एक उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, धुळे-सुरत महामार्गावर विसरवाडी हे गाव आहे. या परिसरातली अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात दक्षिण गुजरातेत जातात. आईवडिलांबरोबर मुलेही जातात आणि शाळेचे दिवस बुडतात. अशा ठिकाणी हजेरीची टक्केवारी हा केवळ कागदावरचा रकाना नसतो. समजा, शाळेचे २२० दिवस भरले आणि एक मुलगी १६५ दिवस हजर होती. एका योजनेसाठी किमान ७५ टक्के हजेरी लागते. ही मुलगी पात्र आहे का? हे संगणकाला विचारू.

भागाकाराचे दोन अर्थ

पहिले सूत्र असे लिहिले:

हजेरी = उपस्थिती / दिवस * १००

पायथॉन भाषेत उत्तर ७५ येते. सी भाषेत दोन्ही संख्या पूर्णांक म्हणून नोंदवल्या असतील तर उत्तर येते शून्य! कारण सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की फक्त पूर्ण भागाकार उरतो, अपूर्णांक गळून पडतो. १६५ मध्ये २२० एकदाही जात नाहीत, म्हणून शून्य. आणि शून्याला शंभरने गुणले तरी शून्यच. आधी शंभरने गुणून मग २२० ने भागले, तर १६५०० भागिले २२० म्हणजे ७५ हे योग्य उत्तर मिळते. चिन्हे तीच, क्रम बदलला.

पूर्ण भागाकार काही वेळा हवाच असतो. नवापूरची तूरडाळ प्रसिद्ध आहे. १३७ किलो डाळ ५० किलोच्या पोत्यांत भरायची, तर भरलेली पोती दोन आणि शिल्लक ३७ किलो. पायथॉनमध्ये १३७ // ५० चे उत्तर २ आणि १३७ % ५० चे उत्तर ३७ येते. येथे % या चिन्हाचा टक्केवारीशी काही संबंध नाही. ते ‘बाकी’ सांगते. संख्या सम आहे का, हे दोनने भागून बाकी शून्य येते का यावरून कळते.

सांगणे आणि विचारणे

दोन समांतर रेघांचे ‘बरोबर’चे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरात आणले. बीजगणितात ते एक विधान करते: डावी बाजू उजवीइतकीच आहे. म्हणून ‘दिवस = दिवस + १’ हे गणिताच्या तासाला चूक ठरते. संगणकाच्या बऱ्याच भाषांत मात्र ते अगदी योग्य आहे. तिथे = ही आज्ञा असते: उजवीकडचे उत्तर काढ आणि ‘दिवस’ या नावाच्या खणात ठेव. दोन बाजू सारख्या आहेत का, असे विचारायचे असेल तर चिन्ह दोनदा लिहायचे: ==. या प्रश्नाचे उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच असते.

हा फरक किती महागात पडू शकतो ते पाहा. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या आज्ञावलीच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसडल्या. त्या वरवर पाहता वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, असे विचारत होत्या. शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. पण तिथे == ऐवजी = होते. म्हणजे प्रश्न विचारला जात नव्हता. क्रमांक शून्य करून टाकला जात होता, आणि ती युक्ती जाणणाऱ्याला सर्व अधिकार मिळाले असते. मूळ प्रतीशी ताळा जुळेना म्हणून हा प्रकार वेळीच उघडकीस आला. पायथॉनमध्ये अटीच्या जागी एकच = लिहिले तर आज्ञावली चालतच नाही.

‘पेक्षा जास्त’ की ‘किमान’?

आता अट लिहू. ‘हजेरी > ७५’ असे लिहिले तर आपली मुलगी अपात्र ठरते, कारण ७५ हे ७५ पेक्षा मोठे नाही. ‘किमान’ या शब्दासाठी >= हेच चिन्ह हवे.

सीमेवरच्या संख्येने मोठ्या कंपन्यांनाही फसवले आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टची ‘झून’ नावाची कित्येक संगीतयंत्रे एकाच दिवशी बंद पडली. २००८ हे लीप वर्ष होते आणि तो वर्षाचा ३६६ वा दिवस होता. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत फेरी चालू ठेवायची आणि लीप वर्षात ३६६ पेक्षा जास्त असले तरच वजाबाकी करायची, अशी तिथे रचना होती. दिवस बरोबर ३६६ असताना वजाबाकी होईना आणि फेरीही थांबेना.

आणि, किंवा, कंस

समजा, योजना पाचवी किंवा आठवीच्या मुलांसाठी आहे आणि हजेरी किमान ७५ हवी. आपण लिहिले:

इयत्ता == ५ ऑर इयत्ता == ८ अँड हजेरी >= ७५

बेरजेआधी गुणाकार, तसे येथे ‘ऑर’आधी ‘अँड’. म्हणून हजेरीची अट फक्त आठवीला लागू होते, आणि पाचवीची सर्व मुले हजेरीशिवाय पात्र ठरतात. ‘ऑर’ने जोडलेल्या दोन अटींना कंस घातला की अर्थ सरळ होतो. क्रम पाठ असला तरी कंस घालावा, हे चांगले. (प्रत्यक्ष टंकताना अंक आणि ‘अँड’, ‘ऑर’ हे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, नावे मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत चालतात.)

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर अट लिहा आणि १६४, १६५, १६६ या तीन उपस्थिती तीन मुलांना द्या. प्रत्येकाने अट अक्षरशः पाळून ‘खरे’ किंवा ‘खोटे’ म्हणावे. कोणतीही अट तपासताना सीमेच्या अलीकडची, सीमेवरची आणि पलीकडची अशा तीन संख्या घेण्याची सवय मुलांना लावावी.

मग त्यांना हा प्रश्न द्या: आधी शंभरने गुणणारे सूत्र वापरून, ‘हजेरी >= ७५’ ऐवजी ‘हजेरी > ७४’ लिहिले तर चालेल का? १६४ दिवस हजर असलेल्या मुलासाठी उत्तर काढा, एकदा सी भाषेच्या भागाकाराने आणि एकदा पायथॉनच्या. दोन्ही उत्तरे सारखी येतात का, आणि नसतील तर का, हे मुलांनीच सांगावे.