कोणते शिरूर? तक्त्याला प्रश्न विचारण्याची रीत

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. समजा, महाराष्ट्रातील सर्व गावांचा तक्ता संगणकात भरला आहे. प्रत्येक ओळीत एक गाव. रकाने चार : गाव, तालुका, जिल्हा, लोकसंख्या. एकूण ओळी चाळीस हजारांहून अधिक! यातून शिरूर तालुक्यातील २००० हून अधिक वस्तीची गावे निवडायची आहेत. टंचाईच्या वर्षी पाण्याचे टँकर ठरवताना अशी यादी लागते. संगणकाला हे असे विचारतात :

सिलेक्ट गाव, लोकसंख्या
फ्रॉम गावे
व्हेअर तालुका = 'शिरूर' अँड लोकसंख्या > २०००
ऑर्डर बाय लोकसंख्या डेस्क

ही 'एसक्यूएल' भाषा. तिचे आज्ञाशब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. 'सिलेक्ट' म्हणजे कोणते रकाने हवेत, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून. 'व्हेअर' ही चाळणी : अट पाळणाऱ्या ओळीच खाली उतरतात. उरलेल्या ओळींचा क्रम 'ऑर्डर बाय' लावते. 'डेस्क' म्हणजे उतरता क्रम. हे कलम गाळले, तर ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात.

एडगर कॉड यांनी १९७० साली अशा तक्त्यांचे गणित मांडले. त्यावरून डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी, की काय हवे एवढेच आपण सांगायचे. ते कसे शोधायचे हे यंत्र ठरवते.

पण यंत्र अक्षरश: आज्ञाधारक असते! बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. तक्त्यात तिन्ही ठिकाणी नुसतेच 'शिरूर' लिहिले असेल, तर तिन्ही तालुक्यांची गावे एकत्र येतील. म्हणून अटीत जिल्हा = 'पुणे' हवेच. उलट, कोणी ऱ्हस्व 'रु' काढून 'शिरुर' लिहिले असेल, तर ते गाव यादीतून मुकाट्याने गळेल. यंत्र चूक दाखवणार नाही, आणि तेथे टँकरही जाणार नाही! हा घोटाळा टाळायला २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला दिलेला सहा अंकी क्रमांक उपयोगी पडतो.

आता दौंडचीही गावे हवीत. आपण बोलताना 'शिरूर आणि दौंड' म्हणतो. मात्र तालुका = 'शिरूर' अँड तालुका = 'दौंड' असे लिहिले, तर उत्तरात एकही ओळ येणार नाही. का बरे? एकच गाव एकाच वेळी दोन तालुक्यांत नसते! येथे 'अँड'ऐवजी 'ऑर', म्हणजे 'किंवा', हवे. आणि या दोन अटी कंसात घालायला हव्यात. कंस गाळला तर काय होईल? यंत्र 'अँड' आधी सोडवते, एवढे लक्षात ठेवा आणि वहीत दहा ओळींचा तक्ता मांडून उत्तर स्वत:च काढा.