दहाच्या ठोक्याला आधी कोण?

सकाळचे दहा वाजतात आणि एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण उघडतं. एकाच गाडीचा शेवटचा बर्थ. त्यासाठी नोएडातला एकजण आणि नागपुरातला दुसरा, दोघंही एकदमच बटण दाबतात. तिकीट एकालाच मिळणार. मग आधी बटण दाबलं कोणी? प्रश्न अगदी पोरकट वाटतो. घड्याळ बघा की! पण संगणकशास्त्रातल्या सर्वांत गहन प्रश्नांपैकी हा एक आहे. दिवसभर गुरुग्राम-नोएडाच्या कंपन्यांत राबणारे कितीतरी इंजिनीअर सुट्टीच्या दिवशी पदव्युत्तर वर्गाला बसतात, ते असलेच प्रश्न सोडवायला. या विषयाला ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ म्हणतात.

आधी घड्याळाकडेच जाऊ. देशाचं घड्याळ दिल्लीतच आहे, पुसा भागातल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. भारतीय प्रमाणवेळ तिथली सीझियमची अणुघड्याळं सांभाळतात. सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. एवढी काटेकोर वेळ हाताशी असताना अडतं कुठे? अडतं ती वेळ दुसरीकडे पोचवताना. आपला संगणक जाळ्यावरून वेळ विचारतो, उत्तर यायला किती लागलं ते मोजतो आणि त्यातला निम्मा वेळ येण्यात गेला असं धरून चालतो. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला नसेल, तर अंदाज तिथेच चुकला.

त्याहून मोठी अडचण निसर्गाचीच आहे. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. दिल्ली-मुंबई अंतर सरळ रेषेत साधारण ११५० किलोमीटर. म्हणजे निरोपाला कमीत कमी पावणेसहा मिलिसेकंद लागणारच, कितीही पैसे ओता. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे एक कोटी सत्तर लाखांहून जास्त ठोके पडून गेलेले असतात. मुंबईच्या संगणकात ‘आत्ता’ काय चाललंय हे दिल्लीच्या संगणकाला कधीच कळू शकत नाही. त्याला कळतं ते मघाचं.

१९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक छोटासा निबंध लिहिला आणि घड्याळ बाजूलाच ठेवलं. त्याला ही कल्पना सुचली ती आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा धागा धरून. त्याचं म्हणणं असं: पत्र टाकल्याशिवाय ते मिळत नाही, एवढं तरी नक्की ना? मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ त्यावरूनच ठरवू. प्रत्येक संगणकाने एक आकडा बाळगायचा. काही घडलं की तो एकाने वाढवायचा. निरोप पाठवताना आकडा सोबत द्यायचा. निरोप घेणाऱ्याने आलेला आणि आपला यांतला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. नियम इतकेच. तरीही कारणाचा आकडा परिणामाच्या आकड्यापेक्षा नेहमी लहानच राहतो.

खरी गंमत पुढे आहे. ज्या दोन घटनांमध्ये एकही निरोप गेला-आला नाही, त्यांच्यात आधी कोण हे सांगताच येत नाही. आपली मोजमापं अपुरी म्हणून नव्हे. त्या यंत्रणेच्या आत त्या प्रश्नाला अर्थच उरत नाही म्हणून. नोएडा आणि नागपूरची बोटं नेमकी अशीच आहेत.

मग रेल्वे निकाल कसा लावते? रेल्वेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ‘क्रिस’ ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. तिचं कार्यालय दिल्लीत चाणक्यपुरीला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी आरक्षणाची पाच केंद्रं होती आणि १९९९ पर्यंत ती एकमेकांना जोडली गेली. प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच केंद्राकडे. मागणी देशाच्या कुठल्याही खिडकीवरून आली, तरी ती त्या केंद्राकडे जाणार आणि तिथे जी आधी पोचेल ती आधी. बोट कोणाचं आधी लागलं हा प्रश्नच या रचनेने निकालात काढला.

पण ते एक केंद्र बंद पडलं तर? मग हिशेबाच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवायला हव्यात, आणि त्या सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. इथे १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी बॉम्बच टाकला. निरोपाला कितीही उशीर होऊ शकत असेल आणि एखादाच संगणक बंद पडण्याची शक्यता असेल, तर एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी कुठलीही ठरावीक पद्धत असू शकत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. कारण उत्तर आलं नाही, तर समोरचा मेला की नुसता रेंगाळला, हे ओळखायला काही उपायच नसतो.

नोकरी करणारा विद्यार्थी इथे ताठ होऊन बसतो. ऑफिसात त्याने कितीदा तरी ‘टाइमआउट ३० सेकंद’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्यात उत्तर आलं नाही तर समोरचा मेला असं धरून मागणी पुन्हा पाठवायची. पैसे दोनदा कापले गेल्याची तक्रार त्याच्याच टेबलावर आलेली असते. तीस सेकंद हा निव्वळ जुगार आहे, आणि तो खेळण्यावाचून गत्यंतर नाही, हे आज त्याला कळतं. मग पॅक्सॉससारख्या एकमत साधणाऱ्या पद्धतींची हुशारी दिसते: उत्तर चुकीचं कधीच द्यायचं नाही, उशीर मात्र होऊ द्यायचा.

असं शिक्षण घेण्याच्या वाटा दिल्लीभोवती बऱ्याच जुन्या आहेत. बिट्स पिलानीने नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम १९७९ मध्येच सुरू केले, तिथल्या एम.टेक.मध्ये हा विषय आजही शिकवतात. मैदान गढीचं इग्नू १९८५ चं. त्याच्या एमसीएने नोकरी न सोडता शिकण्याची सोय केली.  ‘डोएक’च्या संगणक परीक्षांच्या ओ, ए, बी, सी या पायऱ्याही अनेकांनी कामावरून घरी आल्यावर अभ्यास करून गाठल्या, त्यातली ‘बी’ एमसीएच्या, तर ‘सी’ एम.टेक.च्या तोडीची मानली जाई.

आता तर ऑनलाइन अभ्यासक्रमांचा पूर आलाय. तुम्ही त्यातला एखादा निवडणार असाल, तर आधी मान्यता तपासा. परवानगीशिवाय दिलेल्या दूरस्थ तंत्रशिक्षणाच्या पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चाप लावला आहे. मग विषयांची यादी उघडा. त्यात नुसतीच नव्या टूल्सची नावं असतील, तर ती टूल्स जुनी झाली की तुमची फीही जुनी झाली म्हणून समजा. ‘आधी कोण?’ यासारखे प्रश्न असतील, तर खुशाल नाव नोंदवा. १९७८ चं ते उत्तर अजून एका दिवसानेही जुनं झालेलं नाही.