समीकरण आन्रींचे, नाव दुसऱ्यांचे

‘अल्कलाइन पाण्याने शरीरातली विकरे जोमाने काम करतात’ अशी जाहिरात एका वाचकाने पाठवली आहे. खरे का हे?

आधी विचारायला हवे, कोणती विकरे? जठरातल्या पेप्सिनला सामू २ च्या आसपासचे आम्ल लागते. लहान आतड्यातले ट्रिप्सिन ८ च्या सुमारास खुलते. दोघांना एकच पाणी कसे मानवेल? शिवाय हिशेब करा. सामू ९ च्या लिटरभर पाण्यात फारसे क्षार विरघळलेले नसतील, तर त्याचा अल्कधर्म संपवायला सामू २ चे आम्ल एक मिलिलिटर पुरते. जठरात ते त्याहून कितीतरी जास्त असते.

आणि पाणी खरोखरच प्रभावी ठरले, तर पेप्सिनचे काही खरे नाही. नऊवारीला ना शिलाई ना टाचणी, सगळी भिस्त निऱ्यांवर आणि खोचण्यावर. कासोटा सुटला की सगळेच सुटते. विकराची लांब साखळीही अशीच, एकेकट्या दुबळ्या बंधांनी घडीत राहते. त्यांतले काही बंध विद्युतभारांचे असतात आणि सामू बदलला की प्रोटॉन ये-जा करून ते भारच बदलतात. पेप्सिनवर आम्लधर्मी गट भरपूर. सामू ७ च्या पुढे गेला की त्यांचे ऋणभार एकमेकांना रेटतात, घडी विस्कटते आणि नंतर आम्ल ओतले तरी ती सहसा पूर्ववत बसत नाही.

सामूची मोजपट्टी मुळात विकरांसाठीच जन्मली, तीही बिअरवाल्यांच्या घरी! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ती मांडली. त्याआधी ती नसल्याचा फटका बसला होता पॅरिसच्या व्हिक्टर आन्रींना. विकर आधी साखरेला धरते, मग फोडते, या कल्पनेवरून १९०३ पर्यंत त्यांनी विकराच्या वेगाचे समीकरण मांडले होते. पण द्रावणाचा सामू त्यांनी आवरलाच नव्हता. कसा आवरणार? मोजपट्टी सहा वर्षांनी यायची होती!

१९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस आणि कॅनडाच्या मॉड मेंटेन यांनी तेच विकर, इन्व्हर्टेज, घेतले; मात्र अॅसिटेटच्या बफरमध्ये, म्हणजे सामू धरून ठेवणाऱ्या द्रावणात. आणखी एक अडचण होती. साखर किती फुटली, हे द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो यावरून मोजत. साखर फुटून निघालेल्या ताज्या ग्लुकोजमुळे प्रकाश जितका वळतो, तो आकडा हळूहळू सरकत राहतो. दोघांनी नमुन्यात अल्कली टाकली. तिने विकर जागीच थांबले आणि ग्लुकोजचा आकडाही झटपट स्थिरावला. एका थेंबात दोन कामे! मला तर समीकरणापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते.

आन्रींनी या दोन गोष्टी धरल्या नव्हत्या, हे मिकेलिस आणि मेंटेन यांनी निबंधात स्पष्ट लिहिले. आन्रींचे श्रेयही नाकारले नाही. नाकारले ते समीकरणाला नुसते ‘मिकेलिस-मेंटेन’ म्हणणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी. काही ग्रंथ आता ‘आन्री-मिकेलिस-मेंटेन समीकरण’ असे छापतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही तसेच छापावे.